नदीखालून वाट



जुहूच्या ओल्या वाळूंत मुलें बोगदा खणूं लागलीं, कीं वरचें छत कोसळल्यावांचून त्यांचा खेळ सहसा संपत नाहीं. पोकळी सहन न करणें हा मऊ जमिनीचा स्वभावच होय.

या स्वभावावर पहिली यशस्वी तोड मार्क ब्रूनेल यांनीं काढली. लंडनमध्यें थेम्स नदीखालून बोगदा नेण्यास त्यांनीं १८२५ सालीं आरंभ केला. ३६ खणांची लोखंडी चौकट, हीच त्यांची ‘ढाल’. खणांतील मजुरानें समोरची एकच फळी काढावी, थोडी माती उकरावी आणि फळी पुढें सरकवून पुन्हां टेकवावी. मागें लगोलग विटांचें बांधकाम व्हावें. तरीहि १८२७ सालीं नदी आंत शिरली. १८२८ च्या जानेवारींत ती पुन्हां आली, तेव्हां सहा माणसें बुडालीं आणि काम सात वर्षें थांबलें. बोगदा खुला झाला तो १८४३ सालीं.

त्याच ढालीचे वंशज आपल्या मुंबईच्या पोटांत फिरले. कुलाबा ते सीप्झ या साडेतेहेतीस किलोमीटरांच्या मेट्रोसाठीं १७ यंत्रें लागलीं. त्यांना नांवें दिलीं तीं गोदावरी, वैतरणा, तानसा अशा नद्यांचीं. अंधेरीच्या पूर्वेस मरोळकडून निघालेलें यंत्र २०१८ च्या सप्टेंबरांत सहारला बाहेर पडलें. पुढें मिठी नदीखालूनहि बोगदे गेले.

मुंबईची भूमि मात्र एकजिनसी नाहीं. कोठें काळा कातळ, कोठें ठिसूळ खडक, तर खाडीकांठीं चिखल. यंत्राच्या तोंडाशीं खालीं कातळ आणि वर चिखल आला, तर कातळ हळूहळू कापला जातो, चिखल मात्र भराभर आंत येऊं पाहतो. म्हणून मऊ जमिनींतील यंत्र उकरलेली माती आपल्या तोंडाशीं कोंडून धरतें व तिच्याच दाबानें समोरची भिंत तोलतें; जितकें पुढें जावें तितकीच माती मागें सोडावी, हा नियम. काँक्रीटचें कडें बसलें कीं त्याबाहेरची फट ताबडतोब सिमेंटच्या पातळ मिश्रणानें भरावी लागते. यांत हयगय झाली, तर वर रस्ता खचतो आणि एखाद्या जुन्या चाळीच्या भिंतीस तडा जातो. यासाठींच वरच्या इमारतींवर खुणा करून त्यांची पातळी वारंवार मोजतात.

२०२५ च्या ऑक्टोबरांत ही गाडी कफ परेडपर्यंत पोहोंचली. ब्रूनेलच्या बोगद्यांतूनहि आज आगगाड्या धावतात. आंत बसलेल्या प्रवाशानें एवढेंच ध्यानीं ठेवावें, कीं ज्या घरांतील माणसांना खालून बोगदा गेल्याचें कळलेंहि नाहीं, त्यांच्या त्या अजाणतेपणांतच खालच्या कामगारांचें यश आहे.