चावी फिरवल्यावरची ‘टिक’

प्रीमियर पद्मिनी रस्त्यात बंद पडली की मिस्त्री आधी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायचा. ठिणगी घडवणारे सीबी पॉइंट पॉलिश पेपरने घासायचा, कंडेन्सर बदलायचा, प्लग बॉडीला टेकवून सेल्फ मारायला सांगायचा आणि ठिणगी पडते का ते बघायचा. दोष डोळ्यांना दिसत असे. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या या गाडीची कार्बोरेटर आणि सीबी पॉइंटची व्यवस्था मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना पाठ होती.

ही विद्या मागे पडली ती धुरावरच्या कायद्यांमुळे. अमेरिकेने १९७० साली हवाशुद्धीचा कडक कायदा केला आणि गाड्यांच्या धुराड्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. त्याआधीच, १९६७ मध्ये, बॉशने फोक्सवॅगन १६०० साठी इलेक्ट्रॉनिक इंधन फवारणी आणली होती. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय मध्ये इंधन आणि ठिणगी या दोन्हींचा कारभार एकाच डिजिटल कॉम्प्युटरकडे गेला. भारतात हा बदल सुप्रीम कोर्टाने घडवला. एप्रिल १९९९ च्या आदेशाने दिल्ली परिसरात नव्या गाड्यांना आधी युरो-१ आणि पुढच्या वर्षी युरो-२ चे निकष लागू झाले. त्यानंतरच्या काही वर्षांत नव्या मोटारींतून कार्बोरेटर हद्दपार झाला.

कॉम्प्युटर आला तशी त्याला वीज पुरवणारी काड्यापेटीएवढी डबीही महत्त्वाची झाली. तिला गॅरेजमध्ये ‘मेन रिले’ म्हणतात. कॉम्प्युटर, इंजेक्टर, सेन्सर या सगळ्यांचा करंट चावीच्या नाजूक स्विचमधून नेला तर स्विच लवकर जळेल. म्हणून थोडा करंट तांब्याच्या कॉइलला द्यायचा, कॉइलच्या चुंबकाने लोखंडी पट्टी ओढायची आणि त्या पट्टीने मोठा करंट सोडायचा. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्रीने १८३५ च्या सुमारास प्रिन्स्टनला हीच युक्ती करून दाखवली आणि पुढे तारायंत्राने ती जगभर नेली. म्हणजे गाडीतला सर्वांत आधुनिक भाग तारायंत्राच्या काळातल्या हलत्या पट्टीवर विसंबून आहे.

होंडाच्या ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या सिव्हिक आणि अकॉर्ड गाड्यांनी हे अवलंबित्व जगभरच्या मिस्त्रींना शिकवले. सकाळी गाडी एका फटक्यात सुरू व्हायची. दुपारी उन्हात थोडा वेळ उभी राहिली की सेल्फ फिरायचा, पण इंजिन पेटायचे नाही. गाडी गार झाली की पुन्हा सुरळीत. कित्येक गाड्यांचे इंधनपंप विनाकारण बदलले गेले. खरा दोष डॅशबोर्डखालच्या मेन रिलेत होता. त्या एका डबीत दोन रिले होते, पहिला कॉम्प्युटरला वीज देणारा आणि दुसरा पंपाला. तापणे-गार होणे आणि हादरे यांनी आतल्या पिनांभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल चीर पडायची. उष्णतेने ती फाकली की वीज तुटायची. डबी उघडून तेच टाके सोल्डरिंग आयर्नने पुन्हा वितळवले की काम व्हायचे.

निदान कानाने आणि डोळ्याने व्हायचे. चावी ‘ऑन’ केली की इंजिनचा दिवा लागतो आणि मागच्या टाकीतून दोनेक सेकंद पंपाची घरघर ऐकू येते. दिवाच लागला नाही तर संशय पहिल्या रिलेवर, दिवा लागूनही घरघर नसेल तर दुसऱ्यावर.

इथे स्कॅनरचा उपयोग थांबतो. १ एप्रिल २०१० पासून मुंबई, पुणे, सोलापूरसह १३ शहरांत धुराचे बीएस-४ निकष आले, गाड्या आपला दोष स्वतः नोंदवू लागल्या आणि ती नोंद वाचणारा स्कॅनर हे गॅरेजचे मुख्य हत्यार झाले. पण मेन रिले पूर्ण मेला की कॉम्प्युटरच झोपलेला असतो. स्कॅनर जोडला तरी उत्तर येत नाही. नवशिक्या मग ‘ईसीएम (म्हणजे कॉम्प्युटर) गेला’ म्हणून मोकळा होतो.

जुना इलेक्ट्रिशियन अशा वेळी टेस्ट लॅम्प काढतो. नेहमीच्या बॉश पद्धतीच्या रिलेत ३० नंबरच्या पिनेवर बॅटरीची थेट वीज येते, ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिना असतात आणि ८७ मधून वीज पुढे जाते. चावी फिरवल्यावर ‘टिक’ ऐकू आली म्हणजे फक्त पट्टी हलली. पट्टीचे टोक जळलेले असू शकते. नुसता मल्टीमीटर अशा जळक्या टोकावरही १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. म्हणून ८७ वर २१ वॅटचा बल्ब लावून बघावे लागते. तो मिणमिणला आणि ३० वर मात्र लख्ख पेटला, तर रिले बदलायचाच.

नवा रिले काही शे रुपयांत येतो, कॉम्प्युटरला हजारो मोजावे लागतात. तेव्हा गाडी उन्हात रुसली आणि कोणी कॉम्प्युटर बदलायला सांगितला, तर आधी एवढेच विचारा: मेन रिले बल्बचा लोड लावून तपासला का?