आमच्या दोन तालुक्यांतील आगगाडी आणि स्टेशने

संघाच्या या वर्षीच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक स्वरूपाचे लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आम्हांस आली. आम्ही खेड्यातील शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. किल्ले, लढाया आणि सनदा यांविषयी अधिकारवाणीने लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत. म्हणून आपणा सर्वांच्या घरांशी ज्याचा संबंध आला, परंतु ज्याला कोणी फारसे इतिहासात धरीत नाही, असा एक विषय आम्ही घेतला आहे. तो म्हणजे आगगाडीचे स्टेशन. आपल्या ज्ञातीतील जुन्या लग्नपत्रिका ज्यांनी जपून ठेवल्या असतील त्यांनी त्या काढून पाहाव्या. गावाच्या नावाखाली 'स्टेशन दौंड', 'स्टेशन बारामती' असे छापलेले आढळेल. वऱ्हाड कोठे उतरायचे आणि तेथून बैलगाडीने किती वेळ लागायचा, याचा हिशेब त्या दोन शब्दांत असे. कुळाचे मूळ गाव आपण वंशावळीत लिहितो. कुळाचे स्टेशन कोणी लिहीत नाही. परंतु मुले कोठे शिकली, मुली कोठे दिल्या आणि व्यापार कोठे गेला, हे पुष्कळ अंशी त्या स्टेशनानेच ठरविले, असे आमचे नम्र मत आहे.

मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी गेली, हे शाळेतील मूलही सांगेल. परंतु पुढची हकीकत आपल्या भागातील थोड्यांनाच ठाऊक आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने खंडाळा ते पुणे हा मार्ग १४ जून १८५८ रोजी खुला केला. त्याच वर्षी १५ डिसेंबर रोजी गाडी पुण्याच्या पूर्वेस निघाली, ती ६४ मैलांवरील डिकसळपर्यंत. हे डिकसळ आपल्या इंदापूर तालुक्यातील, भिगवणजवळचे, भीमेच्या काठचे गाव. तेथून बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथपर्यंतचा मार्ग २३ ऑक्टोबर १८५९ रोजी सुरू झाला आणि ६ जून १८६० रोजी गाडी सोलापुरास पोचली. याचा अर्थ असा की, सुमारे दहा महिने या पूर्वेकडील मार्गाचे शेवटचे टोक आपले डिकसळ होते. सोलापूरच्या माणसालाही गाडी पाहावयाची तर त्याने भीमेच्या काठी यावे, असे ते दिवस होते. डिकसळहून निघालेला उतारू मात्र एका गाडीने मुंबईस जात नसे. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला. तोपर्यंत खंडाळ्यास उतरावे, घाट पालखीने, तट्टावरून अगर गाडीने उतरावा आणि खाली पुन्हा आगगाडी धरावी, असा क्रम होता.

आता प्रश्न असा की, गाडी इंदापूर तालुक्यात इतक्या लवकर आली, तर ती इंदापूर गावात का आली नाही? पुण्याहून सोलापुरास जाणारा जुना रस्ता इंदापुरावरून जातो. व्यापारी, टपाल, फौजा आणि पालख्या त्याच वाटेने जात असत. परंतु रस्ता आणि लोहमार्ग यांचे स्वभाव निराळे आहेत. रस्ता गावे जोडीत जातो; आगगाडी सपाटी शोधीत जाते. तिला चढ सोसत नाही आणि पुलांचा खर्च मोठा असतो. शिवाय कंपनीचे लक्ष जवळच्या बाजारांपेक्षा दूरच्या कापसाकडे आणि मद्रासकडे होते. १८७१ मध्ये रायचूर येथे हा मार्ग मद्रास रेल्वेस मिळाला. म्हणून गाडी मुळा-मुठा आणि भीमा यांच्या खोऱ्याने उरुळी, केडगाव, पाटस, दौंड अशी गेली आणि डिकसळजवळ भीमा ओलांडून करमाळ्याच्या बाजूस निघून गेली. इंदापूरचा बाजार तीस किलोमीटरांहून अधिक दूर राहिला. तालुक्याला स्टेशन मिळाले, परंतु तालुक्याच्या गावाला मिळाले नाही. आमच्या वाडवडिलांपैकी काही घराणी इंदापूर सोडून दौंडकडे, बारामतीकडे आणि पुण्याकडे का सरकली, याचे एक कारण येथे सापडते.

आगगाडीने केवळ सुखच आणले असे मात्र कोणी समजू नये. लोहमार्गाच्या कामावरील मजुरी आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) चढलेला कापसाचा भाव, यांमुळे या भागात काही वर्षे पैसा खेळला. सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, मजुरीची कामेही आटोपली. कर्जे मात्र राहिली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या-खत जाळले, त्यामागे ही पार्श्वभूमी होती. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे. पाठोपाठ १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ आला. दौंड ते मनमाड या लोहमार्गाचे मातीकाम त्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, पाट्या वाहणाऱ्या भुकेल्या माणसांच्या हातून झाले आणि १८७८ मध्ये तो मार्ग सुरू झाला. त्या दिवसापासून दौंड हे जंक्शन झाले. गाडीत बसून आपण त्या रुळांवरून जातो, तेव्हा खालच्या मातीत कोणाचा घाम आहे याचे एकदा तरी स्मरण व्हावे.

आता बारामतीकडे वळू. मोरोपंतांची ही नगरी कऱ्हेच्या काठी वसलेली. मुख्य मार्गापासून सुमारे २७ मैल दूर. १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी या भागात खेळू लागले आणि बारामती-इंदापूरच्या माळावर ऊस उभा राहिला. उसामागून गुऱ्हाळे आली, गुऱ्हाळांमागून गुळाच्या ढेपा आणि ढेपांमागून अडते आले. परंतु हा माल दौंडपर्यंत बैलगाडीनेच न्यावा लागे. बार्शीकरांपुढेही असाच पेच होता. त्यांच्या नावाचे स्टेशन होते, पण ते 'बार्शी रोड', गावापासून दूर. तेथे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियराने १८९७ मध्ये अडीच फूट रुंदीची हलकी रेल्वे बांधून गाव आणि स्टेशन जोडले. त्याच मापाची छोटी गाडी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दौंडहून मळद, शिर्सुफळ, कटफळ या शिवारांतून बारामतीस आली. येथे स्थिती उलटी झाली. मोठी रेल्वे गाव टाळून गेली होती. छोटी रेल्वे गावाच्या मालासाठी गावापर्यंत आली. पाणी, ऊस आणि गूळ नसता तर ही गाडी आलीच नसती, असे म्हणण्यास हरकत नाही.

मात्र या गाडीत एक मूळचीच अडचण होती. मुख्य मार्गाचे रूळ साडेपाच फुटी, हिचे अडीच फुटी. त्यामुळे दौंडला प्रत्येक ढेप एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात भरावी लागे आणि उतारूंनाही वळकटी-ट्रंका घेऊन गाडी बदलावी लागे. तरीही त्या गाडीवर लोकांचा जीव होता. आम्ही लहानपणी तीतून पुष्कळदा प्रवास केला आहे. अंगावर कोळशाचे कण घेऊन उतरलेल्या आम्हां मुलांचे तोंड आई दौंडच्या नळावर धुई आणि मग मोठ्या गाडीत बसवी. नातेवाईकांना भेटण्यापूर्वीचा तो जणू संस्कारच होता.

येथे थोडे स्वतःविषयी लिहितो, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. १९७४ साली आम्ही जुनी अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालो. पुण्यास कॉलेजात जावे अशी फार इच्छा होती. वडिलांनी कंदिलाच्या उजेडात कागदावर आकडेमोड केली. घरून निघून छोट्या गाडीने दौंड, तेथून पुणे आणि त्याच दिवशी परत, हे रोज जमण्यासारखे नव्हते. पुण्यात खोली घेऊन राहावे, तर धाकट्या बहिणीचे लग्न पुढे ढकलावे लागले असते. वडिलांनी कागदाची घडी घालून ती खिशात ठेवली. बोलले काही नाहीत. आम्ही अध्यापक विद्यालयात नाव घातले आणि मास्तर झालो. त्या निर्णयाचा खेद आम्ही मानीत नाही, कारण मास्तरकीने आम्हांस अन्न आणि मान दोन्ही दिले. परंतु शहर आपल्यापासून किती दूर आहे हे मैलांनी ठरत नसून संध्याकाळी घरी परतता येते की नाही यावरून ठरते, हा धडा त्या रात्री मिळाला.

दुसरा धडा आमच्या विद्यार्थ्यांनी दिला. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत आमची नेमणूक इंदापूर तालुक्यातील एका पुनर्वसित गावठाणाच्या शाळेत झाली. भीमेवर उजनीचे धरण होत होते. १९८० मध्ये ते पुरे झाले. भीमाकाठची गावे उठून माळावर आली होती. एके दिवशी आम्ही चौथीच्या मुलांना 'माझे गाव' हा निबंध घातला. एक मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, जुनं लिहू का नवं?" आम्हांस उत्तर सुचले नाही. शेवटी म्हणालो, "दोन्ही लिही." त्याने जुन्या गावाची दोन पाने भरली आणि नव्या गावाविषयी तीन ओळी लिहिल्या. जुन्या गावाच्या वर्णनात नदी होती, देऊळ होते आणि रात्री पुलावरून जाणाऱ्या आगगाडीचा आवाज होता.

कारण धरणाच्या पाण्याने गावांबरोबर आगगाडीचीही वाट बदलली. डिकसळ, पलीकडे करमाळा तालुक्यात पोमलवाडी, या जुन्या स्टेशनांवरून जाणारा मार्ग सोडून द्यावा लागला आणि नवे रूळ उंचावरून टाकण्यात आले. आज आपण भिगवणला उतरतो. एकोणिसाव्या शतकात ज्या डिकसळने शेवटचे स्टेशन म्हणून मान मिळविला, त्याचे नाव प्रवाशांच्या तोंडून गेले. भीमेवरचा जुना दगडी रेल्वे पूल मात्र उभा राहिला. रूळ गेल्यावर त्यावरून मोटारी, उसाच्या गाड्या आणि बाजारहाटाचे लोक जाऊ लागले. गाडीने सोडलेला पूल इंदापूर आणि करमाळा या दोन तालुक्यांच्या सोयरिकी पुढे अनेक वर्षे सांभाळीत राहिला. अलीकडे त्याची पडझड झाली आहे. पाणी आटले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि वृत्तपत्रांत त्याची छायाचित्रे छापून येतात. पुलाकडेही तितक्याच आदराने पाहावे, असे आम्हांस वाटते.

पुढे बारामतीच्या छोट्या गाडीचे रूळ काढून मोठे रूळ टाकण्यात आले. दौंडची ढेपांची उचलठेव थांबली आणि बारामतीचा डबा थेट पुण्यास जाऊ लागला. तथापि रोज जाऊन रोज परत येणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. मुंबईची लोकल आपण सर्वांनी पाहिली आहे. पुण्याच्या पश्चिमेस लोणावळ्यापर्यंत लोकल १९७८ मध्ये सुरू झाली. तळेगाव, देहूरोड, चिंचवड येथील माणूस घरच्या भाकरीवर पुण्यात शिकू आणि नोकरी करू लागला. पूर्वेस दौंडपर्यंत विजेच्या तारा पोचण्यास २०१७ साल उजाडले आणि त्याच वर्षी पुणे-दौंड मार्गावर डेमू गाडी धावू लागली. दोन्हींमध्ये ३९ वर्षांचे अंतर आहे. म्हणजे एका पिढीचे सारे शिक्षण आणि सारी नोकरी. दक्षिणेस लोणंदहून फलटणपर्यंत २०१९ मध्ये रेल्वे आली. फलटण आणि बारामती जोडण्याची मागणी तर जुनीच आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून पुणे रेल्वे स्टेशनाशी मेट्रोही जोडली गेली. आमची पुतणी बारामतीच्या गाडीने पुण्यास उतरते, जिना चढून मेट्रो धरते आणि कॉलेजात जाते. वडिलांनी खिशात ठेवलेल्या त्या कागदाची हकीकत आम्ही तिला सांगितली, तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, तुमच्या वाटणीचं मी शिकते."

या सर्व हकीकतीवरून एक गोष्ट स्पष्ट होते. स्टेशन कोठे व्हावे हे बहुधा दूर बसलेले कोणी ठरविते. त्यात कापूस, गूळ, नदी, धरण यांचा विचार होतो. परंतु त्याचे फळ घरोघरच्या मुलांना पिढ्यान् पिढ्या भोगावे लागते. ज्याच्या दाराशी गाडी आली त्याचा मुलगा घरी राहून शिकला. ज्याच्यापासून ती दूर राहिली त्याच्या मुलाला घर सोडावे लागले अथवा शिक्षण सोडावे लागले. हुशारीत दोघांत अंतर नव्हते. म्हणून आपल्यातील जे पुढे गेले त्यांनी आपले स्टेशन विसरू नये, आणि जे मागे राहिले त्यांना कोणी कमी लेखू नये.

संघापुढे आमच्या दोन विनंत्या आहेत. इंदापूरच्या ज्या खेड्यांपासून स्टेशन अजूनही लांब आहे, तेथील मुलामुलींसाठी पुण्यात राहण्याची सोय आणि प्रवासाच्या पासास मदत, ही संघाच्या शिक्षण निधीतून प्राधान्याने व्हावी. दुसरे असे की, जुन्या डिकसळच्या आसपास अथवा छोट्या गाडीच्या वाटेवर ज्यांचे बालपण गेले अशी वडीलधारी मंडळी आज थोडीच उरली आहेत. त्यांच्या आठवणी घरातील मुलांनी वहीत उतरवून घ्याव्या आणि पुढील स्मरणिकेसाठी पाठवाव्या. 'जुनं लिहू का नवं?' असे विचारणाऱ्या मुलास आम्ही त्या दिवशी जे सांगितले तेच सर्वांना सांगतो. दोन्ही लिहावे.