वर्ड की पीडीएफ? एका फाइलीची गोष्ट

आता आपल्या लेकी-सुना नोकरीचे अर्ज ईमेलने पाठवतात. बायोडाटा मन लावून लिहितात. पण सेंटरवाला दादा विचारतो, "वर्ड पाठवू का पीडीएफ?" आणि आपण म्हणतो, "तुम्हाला बरं वाटेल ते पाठवा." हे आपलं आपल्याला ठरवता यावं, म्हणून आज या दोन फाइलींचा इतिहास पाहू.

पूर्वी अर्ज कागदावर लिहून टपालात टाकायचा. इथं जसा दिसला तसाच तो साहेबाच्या टेबलावर दिसायचा. संगणक आला आणि ही खात्री गेली.

मायक्रोसॉफ्टचं वर्ड १९८३ साली आलं. वर्डची फाईल म्हणजे लिहायची वही. खोडा, बदला, वाढवा. पण या वहीत बहुतेक वेळा अक्षरांचे साचे, म्हणजे फॉन्ट नसतात, फक्त त्यांचं नाव असतं. समोरच्या संगणकात तो फॉन्ट नसला, की ओळी सरकतात आणि एका पानाची दोन पानं होतात.

मराठीला तर याचा मोठाच फटका बसला. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असायची. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली, की नाव, शिक्षण, अनुभव या सगळ्याच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसायचा. म्हणजे बाई शिकलेली, अनुभवी; पण कागद मुका. युनिकोडने प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आणि हे दुखणं हळूहळू कमी झालं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, पण जुने फॉन्ट आजही काही ठिकाणी चालतात.

त्याच १९९१ साली अमेरिकेत अडोबी कंपनीच्या जॉन वॉरनॉक यांनी एक विचार मांडला: कोणत्याही संगणकावर, कोणत्याही छपाईयंत्रावर कागद सारखाच दिसला पाहिजे. त्यातून १९९३ साली पीडीएफ आली. ही फाईल अक्षरांचे साचे सोबत बांधून नेऊ शकते, लेक सासरी जाताना शिदोरी नेते तशी. सुरुवातीला ती वाचायचं सॉफ्टवेअरही विकत घ्यावं लागे. पुढे ते फुकट झालं आणि पीडीएफ जगभर पसरली. २००८ साली ती आंतरराष्ट्रीय मानक झाली.

वर्डच्या वाटेत आणखी दोन अडचणी आल्या. मार्च १९९९ मध्ये मेलिसा नावाचा व्हायरस ईमेलमधल्या वर्ड फाइलीतून पसरला. अनोळखी माणसाची वर्ड फाईल उघडताना लोक बिचकू लागले. मग २००७ च्या वर्डने फाइलीची जातच बदलली, डॉकची डॉकएक्स झाली. जुन्या वर्डमध्ये ती तशी उघडेना.

आता यातून आपण काय घ्यायचं?

जाहिरातीत फाइलीचा प्रकार सांगितला असेल, तर तोच पाठवायचा. काही ठिकाणी वर्डच मागतात, तिथं वाद नको. काहीच सांगितलं नसेल, तर पीडीएफ. वर्डची फाईल मात्र आपल्याजवळ जपून ठेवायची, पुढच्या अर्जासाठी बदल त्यातच करायचे.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. बायोडाटाचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवू नका. तो पुसट दिसतो आणि संगणकाला त्यातली अक्षरं सहज शोधता येत नाहीत. फाइलीला 'नवीन एक' असं नाव न देता स्वतःचं नाव द्या. पाठवण्याआधी ती दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. नाव, फोन नंबर, मार्क नीट दिसले, मगच पाठवा.

सेंटरमधून निघताना दोन्ही फाइली स्वतःच्या ईमेलवर मागून घ्या, मैत्रिणींनो. कष्ट आपले, तर कागदही आपल्याच हाती हवा. पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा आणि गटातल्या एकीचा तरी बायोडाटा तिथंच उघडून तपासा.