आजीचा गुडघा

दिवाळीत परभणीला घरी गेलो होतो. आजीचे गुडघे हल्ली फारच दुखतात, म्हणून तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला आणि माझं लक्ष झिजलेल्या सांध्याऐवजी मांडीच्या हाडाकडेच गेलं. ते सरळ खाली येत नव्हतं, गुडघ्याकडे येताना आत कललं होतं.

हा कल तुमच्या-माझ्याही पायात आहे. त्यामुळे एक पाय उचलला तरी दुसरा शरीराच्या खाली राहतो आणि आपला तोल जात नाही. चिंपांझीचं हाड सरळ असतं, म्हणून दोन पायांवर तो डुलत डुलत चालतो. गंमत म्हणजे हा कोन जन्मतः नसतो! मूल चालायला लागलं की हाड वाढता वाढता तो तयार होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर ही चालण्याची लॉग फाइल.

1973 मध्ये इथिओपियातल्या हदरला डोनाल्ड जोहान्सन यांना एक गुडघा सापडला. वय सुमारे 34 लाख वर्षं, आणि त्यात हाच कोन! पुढच्याच वर्षी तिथे ल्युसी मिळाली. या मंडळींचा मेंदू लहानच होता. म्हणजे आपण आधी उभे राहिलो, डोकं मागाहून वाढलं.

चाडमध्ये 2001 साली मिळालेलं मांडीचं हाड तर सुमारे 70 लाख वर्षांपूर्वीचं. पण त्याची दोन्ही टोकं तुटलेली, गुडघाच नाही. मग तो प्राणी चालत होता का, यावर भांडण चालूच आहे.

आपल्याकडे का नाही सापडत असं काही? पाथरी तालुक्यात ढालेगावला गोदावरीच्या जुन्या गाळात हत्तींचे जीवाश्म मिळालेत, पण ते हिमयुगाच्या काळातले. त्याखाली थेट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा काळा पाषाण. मधली पानं आपल्या वहीत जवळजवळ नाहीतच.

हे सगळं घरी येताना आजीला सांगितलं. ती म्हणाली, "जल्म गेला रानात चालण्यात, झिजणारच की रे."

खरंय. चार पायांचं वजन दोनावर घेतलं, त्याची किंमत गुडघे अजून मोजतायत. आजी भिंतीला धरून उठली आणि चहा टाकायला गेली. चालतच!