मल्ल आणि वस्ताद

उत्तम मल्ल तोच उत्तम वस्ताद होतो, अशी लोकसमजूत आहे. ती कितपत खरी, हें आम्ही अमेरिकन विद्यापीठांच्या फुटबॉलवरून पाहूं. त्या खेळांत लंबगोल चेंडू मुख्यत्वें हातानेंच फेकतात व झेलतात. १९३५ च्या १ जानेवारीस अलाबामा विद्यापीठानें स्टॅनफर्डचा २९-१३ असा पराभव केला. विजयी संघाच्या एका टोकास डॉन हटसन होता. झेल घेण्यांत त्याची बरोबरी करणारा विरळा. दुसऱ्या टोकास होता पॉल ब्रायंट. त्याची ओळख ‘दुसऱ्या टोकाचा गडी’ एवढीच. पुढें हटसन धंदेवाईक खेळांत अजरामर झाला. परंतु १९५८ ते १९८२ पर्यंत मुख्य शिक्षक राहून अलाबामाला सहा राष्ट्रीय अजिंक्यपदें मिळवून दिलीं, तीं ब्रायंटनें!

उलट दाखलाही आहे. स्टीव्ह स्परिअरनें १९६६ सालीं फ्लॉरिडाचा खेळाडू म्हणून हाइझमन पारितोषिक पटकावलें; १९९६ च्या हंगामांत तेथेंच शिक्षक या नात्यानें त्यानें अजिंक्यपद मिळविलें, आणि त्याच वर्षीं त्याचा शिष्य डॅनी वर्फेल हाइझमनचा मानकरी ठरला.

तेव्हां कीर्ति ही गुरुत्वाला बाधक नव्हे. पण ती गुरुत्वाचें प्रमाणपत्रही नव्हे. पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झालेला प्रत्येक जण चांगला अध्यापक होतो, असा आम्हां प्राध्यापकांचाही अनुभव नाहीं. सहज साधलेली विद्या उकलून सांगणें अनेकदां जड जातें. म्हणून गुरु निवडतांना त्याचीं पदकें मोजूं नयेत. त्याचे शिष्य पाहावे.