एका यंत्रात अनेक यंत्रे

डेटा सेंटरमध्ये पहिल्यांदाच पाऊल ठेवणाऱ्याला कपाटांच्या रांगा दिसतात, थंड वाऱ्याचा झोत अंगावर येतो आणि पंख्यांचा एकसुरी आवाज कानात भरतो. कपाटांतले सर्व्हर मोजले तर शंभर भरतील. व्यवस्थापकाच्या पडद्यावरच्या यादीत मात्र हजार-दोन हजार सर्व्हरांची नावे असू शकतात. यादी खोटी नसते. त्यातले बहुतेक सर्व्हर ‘आभासी’ असतात, म्हणजे एका लोखंडी यंत्रात बिऱ्हाडे करून राहिलेले असतात. वाडा एकच, पण प्रत्येक बिऱ्हाडाची चूल वेगळी आणि दाराला कुलूपही वेगळे. ही सोय एकविसाव्या शतकाची देणगी आहे असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तिचा जन्म १९६४ साली सुरू झालेल्या एका दुर्लक्षित प्रकल्पात झाला.

त्या काळी संगणक खोलीभर पसरलेला असे आणि त्याची किंमत लाखो डॉलरांत असे. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, उत्तर घ्यायचे, अशी रीत होती. अमेरिकेतल्या एमआयटीने ती मोडायचे ठरवले. एकाच संगणकापुढे अनेकांनी एकाच वेळी बसावे आणि यंत्राने प्रत्येकाला आळीपाळीने क्षणभर वेळ द्यावा, ही ‘टाइम-शेअरिंग’ची कल्पना तिथे सीटीएसएस या प्रणालीत उतरली. पुढच्या प्रकल्पासाठी एमआयटीने १९६४ मध्ये आयबीएमला बाजूला ठेवून जनरल इलेक्ट्रिकचे यंत्र निवडले. आयबीएमने त्याच वर्षी एप्रिलमध्ये जाहीर केलेल्या सिस्टीम/३६० यंत्रमालिकेत या कामासाठी लागणारी स्मृतिभाषांतराची सोय नव्हती, हे त्यामागचे मोठे कारण.

आयबीएमने एमआयटीच्या शेजारीच, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी, एक छोटे संशोधन केंद्र उघडले होते. सीटीएसएसवर काम केलेले रॉबर्ट क्रीझी तिथे आले. त्यांनी आणि लेस कोमो यांनी कामाची विभागणी वेगळ्या रीतीने केली. अनेक माणसांना सांभाळणारी एकच अवाढव्य प्रणाली लिहिण्याऐवजी त्यांनी तिचे दोन तुकडे केले. खालचा तुकडा फक्त एवढेच करणार, की प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र, संपूर्ण संगणक मिळाल्याचा भास निर्माण करायचा. वरचा तुकडा म्हणजे त्या भासमान संगणकावर एकाच माणसासाठी चालणारी साधी प्रणाली. खालच्याचे नाव सीपी-४०, वरच्याचे सीएमएस. फेरफार केलेल्या ३६०/४० यंत्रावर जानेवारी १९६७ च्या सुमारास ही जोडी रोजच्या वापरात आली. चौदापर्यंत आभासी यंत्रे आणि प्रत्येकाला २५६ किलोबाइट स्मृती, असा तो संसार होता.

आयबीएमची अधिकृत आशा मात्र टीएसएस या दुसऱ्याच प्रणालीवर होती. तिच्यावर मोठी फौज आणि मोठा पैसा लागला होता, पण ती संथ निघाली, वारंवार कोसळू लागली आणि अखेर गुंडाळावी लागली. सीपी-४०चा वारस सीपी-६७ हा १९६८ पासून ग्राहकांना मिळू लागला, तोही कंपनीची फारशी हमी न घेता. त्याची मूळ संहिता सोबत मिळे, त्यामुळे ग्राहकांनीच त्यात सुधारणा केल्या आणि त्या एकमेकांना दिल्या. या मागणीपुढे कंपनीला मान तुकवावी लागली आणि ऑगस्ट १९७२ मध्ये व्हीएम/३७० हे अधिकृत उत्पादन जाहीर झाले.

१९७४ साली जेरल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी या व्यवहाराचा नियम शोधनिबंधात मांडला. वाड्याच्या मालकाला ‘हायपरवायझर’ म्हणतात. बिऱ्हाडकरूने यंत्राच्या सामाईक व्यवस्थेला हात घालणारी कुठलीही आज्ञा दिली, की यंत्राने ती अडवून मालकापुढे नेली पाहिजे. अशी एकही आज्ञा परभारे सुटता कामा नये. हे जमले, तर आभासीकरण सरळ मार्गाने करता येते.

पुढे स्वस्त यंत्रांचा काळ आला आणि हा नियम विस्मरणात गेला. इंटेलच्या x८६ घराण्यात तो पाळलेला नव्हता. काही आज्ञा अशा होत्या, की अधिकार नसलेल्याने त्या दिल्या तर यंत्र तक्रारही करत नसे आणि कामही करत नसे, गुपचूप पुढे जाई. मालकाला पत्ताच लागत नसे. नव्वदच्या दशकात तर आभासीकरणाची गरजही कुणाला वाटत नव्हती. सर्व्हर स्वस्त होते आणि एका यंत्रावर दोन कामे ठेवली तर ती एकमेकांना पाडत, म्हणून प्रत्येक कामाला वेगळा सर्व्हर घेतला जाई. थोड्याच वर्षांत कपाटे भरली. बहुतेक सर्व्हर बराच वेळ रिकामे बसून वीज खात होते, आणि त्यांची उष्णता बाहेर काढायला आणखी वीज लागत होती.

वाट सापडली ती स्टॅनफर्ड विद्यापीठात. मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांचे विद्यार्थी एडुआर्ड बुन्यों व स्कॉट डिवाइन यांनी १९९७ मध्ये ‘डिस्को’ हा प्रकल्प मांडला आणि जुन्या आयबीएम कल्पनेला उघडपणे उजाळा दिला. पुढच्याच वर्षी डायन ग्रीन यांच्यासह त्यांनी व्हीएमवेअर कंपनी काढली. आडमुठ्या आज्ञा चालण्याआधीच हेरून त्यांच्या जागी निर्धोक आज्ञा बसवायच्या, अशी त्यांची युक्ती होती. २००१ मध्ये थेट यंत्रावर बसणारे ईएसएक्स आले. २००३ मध्ये चालू आभासी यंत्र बंद न करता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवण्याची सोय आली. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातून ‘झेन’ हा खुला हायपरवायझर पुढे आला. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीने १९७४ चा नियम अखेर चिपमध्येच उतरवला. त्या आधाराने उभा राहिलेला केव्हीएम २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात सामील झाला. २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने झेनच्या आधारे तासाच्या भाड्याने आभासी यंत्रे देणे सुरू केले, आणि ‘क्लाउड’चा व्यापार उभा राहिला. मुंबईत त्या कंपनीचे केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले.

हा इतिहास आज डेटा सेंटर उभारणाऱ्याच्या कामाचा आहे. पूर्वी एक सर्व्हर बंद पडला तर एक काम थांबे, आता तीस थांबतात. म्हणून आभासी यंत्रांच्या चकत्या सामाईक साठवणुकीत ठेवायच्या, कारभाराचे, साठवणुकीचे आणि ग्राहकांचे जाळे वेगवेगळे राखायचे आणि निदान एका सर्व्हरचा भार इतरांना पेलेल एवढी जागा नेहमी मोकळी सोडायची. ही मोकळी जागा हिशेबनिसाला उधळपट्टी वाटते, पण एखादे यंत्र मध्यरात्री गेले की तीच कामी येते.

दुसरा धडा भिंतींचा. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे चिपमधले दोष उघड झाले. शेजारच्या बिऱ्हाडातले गुपित भिंतीतून झिरपू शकते, हे त्यांनी दाखवले. वेगासाठी चिपमध्ये केलेल्या तडजोडींची ती किंमत होती.

तिसरा धडा मालकीचा. २०२३ च्या अखेरीस ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत आणली. वर्षानुवर्षे एकाच हायपरवायझरवर बेतलेल्या अनेक संस्थांना त्यानंतर केव्हीएमसारख्या खुल्या पर्यायांचा अभ्यास करावा लागला. सीपी-६७ टिकला तो मूळ संहिता वापरकर्त्यांच्या हाती होती म्हणून. नवे डेटा सेंटर उभारताना यंत्रे किती घ्यायची, हा प्रश्न सगळेच विचारतात. आपली आभासी यंत्रे उद्या दुसऱ्या वाड्यात हलवता येतील का, हा प्रश्नही त्याच बैठकीत, करारावर सही होण्यापूर्वी, विचारला गेला पाहिजे.