तुमचं पार्सल आणणारं विमान किती जुनं असतं? आणि किती सुरक्षित?

उदगीरला विमानतळ नाही. तरीही दिल्ली-बंगळुरूहून एक्स्प्रेसने मागवलेलं औषध दोन-तीन दिवसांत इथे पोहोचतं. त्याच्या प्रवासाचा मोठा टप्पा अनेकदा रात्रीच्या मालवाहू विमानात होतो. ही विमानं बऱ्याचदा २०-३० वर्षं जुनी असतात.

जुनीच का?

प्रवासी विमान दिवसभर उडत राहिलं तरच परवडतं. मालवाहू विमान मुख्यतः रात्री, कमी तास उडतं. त्यामुळे नवं महागडं विमान घेण्यापेक्षा प्रवासी सेवेतून निवृत्त झालेलं विमान घेणं स्वस्त पडतं. त्यातल्या सीट काढतात, मोठा दरवाजा बसवतात आणि जमीन मजबूत करतात. भारतात पार्सलसाठी वापरल्या जाणाऱ्या बोइंग ७५७ चं उत्पादन २००४ मध्येच थांबलं आहे.

महाराष्ट्राचा संबंध काय?

३० जानेवारी १९४९ रोजी देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात येत, टपालाची अदलाबदल करून परतत. त्यांत काही प्रवासीही असत. १२ डिसेंबर १९५३ रोजी या सेवेतलं डकोटा विमान नागपुरातून उडताच इंजिन निकामी होऊन कोसळलं. १४ पैकी १३ जण गेले, फक्त वैमानिक वाचला.

वयामुळे नेमका धोका काय?

वर्षांपेक्षा उड्डाणांची संख्या महत्त्वाची. प्रत्येक उड्डाणात धातूवर ताण येतो आणि सुटतो. तार वारंवार वाकवली की तुटते, तशा सूक्ष्म भेगा वाढत जातात. त्यात गंजाची भर पडते. १९८८ मध्ये हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या १९ वर्षं जुन्या बोइंग ७३७ चं छत हवेतच उडालं. त्याने तोवर सुमारे ९० हजार उड्डाणं केली होती. त्यानंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम कडक झाले.

मग पुन्हा अपघात का?

४ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेतल्या लुईव्हिलमध्ये यूपीएस कंपनीच्या ३४ वर्षं जुन्या एमडी-११ विमानाचं डावं इंजिन उड्डाण करतानाच निखळलं. तिन्ही वैमानिक आणि जमिनीवरचे दहाहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. इंजिन पंखाला जोडणाऱ्या भागात तपासकांना ताणामुळे पडलेल्या भेगा आढळल्या. त्या भागाची सविस्तर तपासणी साधारण २८ हजार उड्डाणांनंतर व्हायची होती. विमानाची उड्डाणं झाली होती सुमारे २१ हजार. म्हणजे वेळापत्रक चुकलं नव्हतं. भेग मात्र वेळापत्रकाची वाट पाहत थांबली नाही.

थोडक्यात

जुनं विमान म्हणजे धोकादायक विमान, असं नाही. नीट देखभाल झाली तर ते अनेक वर्षं सुरक्षित उडतं. पण वय वाढेल तशी तपासणीही वाढायला हवी, आणि एका विमानात सापडलेली भेग तशाच प्रत्येक विमानात लगेच शोधायला हवी. विमानात प्रवासी नसले, तरी त्याच्या खाली वस्ती असते.